तोड्याची बंदूक आणि पलटणीचे काडतूस

सेनगाव आणि हिंगोलीचा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, या भागात दोन जातींच्या बंदुका एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. हटकर नाईकांच्या गढ्या राखणाऱ्या अरबांकडे तोड्याची बंदूक असे, तर हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिगेडच्या पलटणींना कंपनी सरकारच्या धर्तीवर चकमकीची बंदूक आणि कवायत मिळाली होती. दोन्ही ठासणीच्याच, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठोकायच्या. फरक होता तो विस्तव कोठे ठेवायचा याचा.

तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी सुती दोरी. तिलाच जामगी असेही म्हणत. चाप ओढला की तिचे पेटते टोक रंजकावर, म्हणजे नळीच्या कानाशी, बाजूच्या बारीक छिद्राशी, ठेवलेल्या चिमूटभर बारीक दारूवर टेके. कमरेच्या शिंगड्यात दारू आणि हातात निखारा असलेल्या माणसांना खांद्याला खांदा लावून उभे करणे धोक्याचे, म्हणून हा बंदूकवाला सुटा लढे, आणि रात्री त्याच्या तोड्याचा ठिपका शत्रूला दुरून दिसे.

पलटणीच्या शिपायाच्या बंदुकीच्या घोड्यात, कातड्यात गुंडाळून आवळलेला, ठिणगी पाडणारा गारेचा तुकडा असे, आणि कातडी तोसदानात कागदाची काडतुसे. एकेका काडतुसात एका बाराची दारू आणि सुमारे 30 ग्रॅमची शिशाची गोळी. काडतुसाचे टोक दातांनी तोडायचे, थोडी दारू रंजकाच्या खळग्यात टाकून झाकण लावायचे, उरलेली नळीत ओतून कागदासह गोळी ठासायची आणि गज जागेवर परतवायचा. सरावलेला शिपाई हे सारे मिनिटाला दोन-तीनदा करी. मात्र प्रत्येक वेळी दारूतला खारट सोरा जिभेवर उतरे, त्यामुळे लढाईत पाण्याची पखाल काडतुसांइतकीच निकडीची ठरे. काही बारांनंतर नळीत काजळी साचे, गोळी अडे, कान बुजे. त्यासाठी पट्ट्याला तारेची सळई आणि लहान कुंचला टांगलेला असे. या दोन क्षुल्लक वस्तूंना इतिहासग्रंथांत सहसा जागा मिळत नाही, पण त्यांच्यावाचून चकमकीची बंदूक म्हणजे संगिनीचा दांडाच.

नळीपेक्षा बरीच सैल गोळी वापरल्याने ठासणे झटपट होई, पण नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा राहत नसे. मोकळ्या मैदानात रांगेने एकदम झाडलेल्या बारांपुढे ही उणीव झाकली जाई. तटाआड, जंगीच्या भोकातून सावकाश नेम धरणाऱ्या तोडेवाल्यापुढे मात्र ती उघडी पडे. जानेवारी 1819 मध्ये याच हटकरांपैकी नोवसाजी नाईकाच्या नोव्हा येथील गढीला वेढा पडला तेव्हा बंदुकांच्या फैरींनी काम भागण्यासारखे नव्हते; मोर्चे खणत तटाजवळ सरकावे लागले, तोफांनी खिंडार पाडावे लागले, आणि महिनाअखेरीस त्या खिंडारातून पलटणी आत शिरल्या.