आधी मोजे काढा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी सासरे संध्याकाळचा फेरफटका मारून आले. बूट काढताना त्यांच्या उजव्या मोज्याच्या तळव्याला लालसर ओल दिसली. बूट उलटा करून पाहिला, तर तळातून एक बारीक खिळा आरपार वर आलेला. त्याच्यावर अप्पा तासभर चालले होते.

‘‘अप्पा, दुखलं नाही का हो?’’

‘‘छे, कुठे काय दुखतंय!’’ अप्पा हसून म्हणाले. खरं तर घाबरायला हवं ते याच उत्तराला.

अप्पांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासणं, गोळ्या, पथ्य, सगळं वेळच्या वेळी. पण इतक्या वर्षांत कुठल्याही तपासणीला त्यांना कुणी ‘मोजे काढा’ म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना दोष देऊन तरी काय उपयोग? दर दिवाळीला ज्या पायांवर आम्ही डोकं ठेवतो, त्यांचे तळवे घरातही कुणी पाहिले नव्हते.

न दुखणारा पाय

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, तर पायांच्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते ती बहुतेकदा अशाच एखाद्या छोट्या, न दुखणाऱ्या जखमेपासून.

दुसऱ्या दिवशी पायांच्या डॉक्टरांनी अप्पांना तपासलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांनी आधी बूट हातात घेतले. तळ कुठे झिजलाय, आत बोटं चेपतात का, हे पाहिलं. मग अप्पांना अनवाणी चालायला लावलं. पलंगावर बसवून तळवा, टाचेच्या भेगा, नखं, कुरुपं आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या पाहिल्या. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवरून फिरवून एक पाय जास्त गरम तर नाही ना, हे ताडलं. बधिर पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर आतली हाडं ढासळत असू शकतात. तो फारसा दुखत नाही, म्हणून लोक मुरगळला समजून तेल चोळत बसतात. अशा वेळी त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

नंतर नाडी. पायाला दोन नाड्या असतात हे मला तेव्हा कळलं, एक पावलाच्या वर आणि दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. त्या नीट लागल्या नाहीत, तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घेतात.

शेवटी अप्पांना डोळे मिटायला सांगून एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. असे धागे कुष्ठरुग्णांची संवेदना तपासायलाही वापरतात. वेल्लोरला १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं होतं, की हातापायांची झीज होते ती मांस सडल्याने नव्हे, तर दुखणंच हरवल्याने. अप्पांच्या उजव्या पायाला चारपैकी तीन ठिकाणी धागा कळलाच नाही.

मुरगळलेल्या घोट्यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ साली तयार झालेला एक नियम डॉक्टर वापरतात. घोट्याभोवती दुखत असेल आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पण हा सगळा नियम दुखण्यावर उभा आहे. बधिर पायाच्या माणसाने ‘मला चालता येतंय’ म्हणून निश्चिंत राहू नये.

बंगळुरूची सँडल

पायात काही टोचलं, की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. बधिर पायाला ते जमत नाही. म्हणून इथल्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्चने मिळून एक सँडल तयार केली. तळात छोट्या कमानी असतात. ठरावीक दाबापलीकडे कमान खाली झुकते, भार आजूबाजूला जातो आणि दाब हटताच ती पुन्हा वर येते. त्यात ना बॅटरी, ना तार.

घरची तपासणी

डॉक्टरांनी मला एक सोपी चाचणी शिकवली. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ती तयार केली आहे. डोळे मिटून झोपलेल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि कळलं नाही तर पुन्हा हातही लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. ज्यांच्या बधिरपणाचं निदान झालेलं नाही, त्यांच्यासाठी ही चाचणी. अप्पांसारख्यांचे पाय मात्र रोज बघावे लागतात. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, कुरुपाला ब्लेड लावायचं नाही, घरातही अनवाणी फिरायचं नाही.

सुनेने रोज पाय बघायचे म्हणून सुरुवातीला अप्पा संकोचायचे. ‘‘अगं, राहू दे,’’ म्हणत पाय आखडून घ्यायचे. जखम भरायला सात आठवडे लागले. आता रात्री बातम्या संपल्या, की ते स्वतःच मोजे काढून दिव्याखाली बसतात आणि मला हाक मारतात. परवा त्यांनी सासूबाईंनाही शेजारी बसवलं. सासूबाईंना साखर आहे चार वर्षांपासून. त्यांच्या दोन बोटांना स्पर्श कळला नाही. सोमवारची वेळ घेतली आहे.