कराडचा डिप्लोमा, दादरची लोकल

मध्य रेल्वेच्या लेडीज स्पेशलची पहिली फेरी २००० साली धावली, तेव्हा मोटरमनच्या जागी सुरेखा यादव होत्या. (पदाचं नाव मात्र मोटरमनच!) कितीतरी जणी तेव्हा दादरहून रोज लोकल पकडत असतील. मूळच्या साताऱ्याच्या यादवबाईंनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला, १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. भारतातली पहिली महिला रेल्वेचालक अशी त्यांची ओळख. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून वंदे भारत आणली. वाटेत बोरघाटाचा उतार. तिथे सगळा खेळ ब्रेकचा. गाडी सीएसएमटीला पाच मिनिटं आधी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.