नैनितालचे नाले

नैनिताल पाहून आलेल्याला तलावाचा हिरवा रंग आठवतो, शिडाच्या होड्या आठवतात, मल्लीतालपासून तल्लीतालपर्यंत काठाकाठाने जाणारा मॉल रोड आठवतो. डोंगरावरून उतरणारे दगडी नाले मात्र फारसे कुणाच्या फोटोत नसतात. तरीही या गावाचं जे रूप भुरळ घालतं, ते निम्म्याहून अधिक या नाल्यांनीच राखलं आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवरचं, जेमतेम दीड किलोमीटर लांबीचं हे पाणी कुमाऊंत पूर्वापार पवित्र. सतीचे नेत्र इथे पडले अशी श्रद्धा, म्हणून काठावर नैनादेवी. शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ मध्ये इथे पोचला आणि त्याच्यामागोमाग बंगले आले, पुढे प्रांताचं उन्हाळी सरकारही आलं. त्यासाठी उतार कापले, झाडं तोडली. शेर का डांडा हा डोंगर तर मुळातच ठिसूळ. १८६७ मध्ये तिथे दरड कोसळली, तो इशारा पुरेसा ठरला नाही. १८ सप्टेंबर १८८० रोजी, मुसळधार पावसात भिजून जड झालेला तोच उतार खाली आला. व्हिक्टोरिया हॉटेल आणि नैनादेवीचं देऊळ गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. आज जिथे मुलं क्रिकेट खेळतात, ते फ्लॅट्सचं मैदान त्या ढिगाऱ्यानेच वाढलेलं आहे.

त्यानंतर डोंगरउतारांवर नाल्यांचं जाळं पद्धतशीरपणे बांधलं गेलं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यामागचा विचार उलटा वाटेल. पण ठिसूळ उतारात मुरलेलं पाणी खडकाच्या थरांमधली पकड सोडवतं. तिथे ते जिरू न देता बांधीव वाटेने तलावात पोचवणं, हाच डोंगर जागेवर ठेवण्याचा उपाय. जास्तीचं पाणी तल्लीतालच्या दारांतून बलिया नाल्यात सुटतं. निसर्गरम्य म्हणून आपण जे पाहतो, त्याखाली असा पाण्याचा काटेकोर हिशेब आहे.

यावर कुणी म्हणेल, ज्यांनी डोंगर पोखरला त्यांच्याच नाल्यांचं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. ते नाले आधी बंगल्यांसाठीच होते. पण बांधणाऱ्यांचा हेतू काहीही असो, आज त्या उतारांवर आणि खाली काठावर राहणाऱ्या हजारोंचा जीव त्यांच्यावर अवलंबून आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: हेच नाले गाळ, कचरा आणि सांडपाणी तलावात आणतात. खरं आहे. तलावाचा श्वास इतका कोंडला की २००७ पासून त्याच्या तळाशी नळ्यांनी हवा सोडावी लागते. पण नाल्यात राडारोडा टाकणाऱ्या हातांचा दोष नाल्याच्या माथी मारून चालणार नाही.

आणि जिरवण्याची जागाही इथे आहेच. तलावाच्या वरच्या अंगाला सूखाताल नावाचा खोलगट भाग पावसाळ्यात भरतो, मग आटतो. ते पाणी जमिनीखालून मुख्य तलावात झिरपत राहतं. वर्षातले बरेच महिने कोरडा दिसणारा हा भाग बांधकामाला मोकळी जागा वाटला, तिथे घरं उठली, भराव पडला. २०१७ च्या उन्हाळ्यात तलावाची पातळी इतकी घसरली की काठावर चिखलाची मैदानं उघडी पडली; ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत तोच तलाव मॉल रोडवर चढला. पाणी कुठे वाहू द्यायचं आणि कुठे मुरू द्यायचं, हा भेद शेर का डांडावर १५१ जिवांच्या मोलाने कळला होता. सूखातालवर तो अजून पाळला जायचा आहे.