फॅब्री आजार : घाम का आटतो?

फॅब्री आजारात एक्स गुणसूत्रावरील ‘जीएलए’ जनुकात दोष असतो. त्यामुळे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर कमी पडते किंवा तयारच होत नाही. मग विशिष्ट प्रकारचा मेद रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, हृदय आणि मज्जापेशींत साठत जातो. १८९८ मध्ये जर्मनीत फॅब्री आणि इंग्लंडमध्ये अँडरसन यांनी हा आजार स्वतंत्रपणे नोंदवला.

घाम, आतड्यांची हालचाल, नाडीची गती ही कामे स्वायत्त मज्जासंस्था आपसूक सांभाळते. या आजारात तिचे बारीक तंतू बिघडतात. घाम कमी येतो. त्यात घर्मग्रंथींतील साठ्याचाही वाटा असतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या कोपरगावसारख्या गावात या लक्षणाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. उन्हात खेळून आलेल्या मुलाचा सदरा कोरडाच, अंग तापलेले आणि तळहात-तळपायांची असह्य आग होत असते. जेवणानंतर पोटात कळ येणे, जुलाब होणे, श्रम करूनही नाडी पुरेशी न वाढणे हेही आढळते. नेहमीच्या मज्जावहन तपासणीत जाड तंतूच तपासले जातात, म्हणून ती बहुधा निर्दोष येते आणि मुलाला ढोंगी ठरवले जाते. हा त्या मुलावर मोठा अन्याय आहे.

पुरुषांत निदानाला रक्तातील विकराची पातळी उपयोगी पडते. स्त्रियांत ती सामान्य असू शकते, म्हणून जनुकचाचणी हवी. दोष असलेल्या पित्याकडून तो प्रत्येक मुलीकडे जातो, मुलाकडे नाही. उपचार म्हणून दर दोन आठवड्यांनी शिरेतून विकर देतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे; मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्र आहे.