कायनेज-निरोधक प्रथिने : पेशीच्या वेसणी आणि रोग

म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर, पिरियापट्टण आणि हेग्गडदेवनकोटे हे तालुके व्हर्जिनिया तंबाखूसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील पान भट्टीत वाळवून तंबाखू मंडळाच्या लिलावात येते आणि मुख्यतः सिगारेट-उद्योगाकडे जाते. त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, मराठीभाषक निपाणी परिसरात, पिकते ती प्रामुख्याने विडीची तंबाखू. महाराष्ट्रात तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार जवळजवळ एक-चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. तंबाखूतील नायट्रोसामिने कर्करोगकारक आहेत, हे आता सर्वपरिचित आहे. परंतु ही द्रव्ये पेशीत नेमके काय मोडतात? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पी-१६ नावाच्या लहानशा प्रथिनात सापडते.

कायनेज हा विकरांचा एक वर्ग होय. एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट गट उचलून तो दुसऱ्या प्रथिनाला जोडणे, हे त्यांचे कार्य. फॉस्फेट जोडला जाताच त्या प्रथिनाचा आकार व वर्तन पालटते. जणू कळ दाबली जाते. मानवी जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेजांची नोंद आहे. हे जोडणे-काढणे पेशीच्या नियमनाचा पाया आहे, हे दाखविल्याबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘कायनेज-निरोधक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. इमॅटिनिबसारखी औषधे हे प्रयोगशाळेत घडविलेले लहान रेणू आहेत. त्यांच्याही फार पूर्वीपासून पेशी स्वतःच कायनेजांना आवर घालणारी प्रथिने निर्माण करीत आली आहे. येथे विचार मुख्यतः या दुसऱ्या वर्गाचा आहे.

पेशीला विभाजन करावयाचे असते तेव्हा सायक्लिन-डी हे प्रथिन सीडीके-४ व सीडीके-६ या कायनेजांशी जोडी जमवते. ही जोडी आरबी या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. एरवी आरबीने जखडून ठेवलेली यंत्रणा त्यामुळे मोकळी होते आणि डीएनएच्या दुपटीकरणाचा मार्ग खुला होतो. पी-१६ नेमके येथे आडवे येते. ते सीडीके-४ व ६ यांना बिलगून सायक्लिनाशी त्यांची जोडी जमू देत नाही. बैलाच्या नाकातील वेसणीसारखे ते बळाला रोखून धरते. पी-२१ हे प्रथिन डीएनएला इजा झाल्यावर पी-५३ च्या आदेशाने तयार होते. पी-२७ विश्रांत पेशीला विश्रांत ठेवते. ही तिन्ही प्रथिने १९९३-९४ या दोन वर्षांच्या आत उजेडात आली, हा विज्ञानेतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

पी-१६ चे जनुक नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. तोंडाच्या कर्करोगात ते अनेकदा समूळ गळून पडलेले आढळते, तर काही वेळा त्यात उत्परिवर्तन झालेले असते. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे : जनुकाची अक्षरे जागच्या जागी असतात, मात्र त्याच्या आरंभभागावर मिथाइल गट चढल्याने ते मूक होते. ही मुकेपणाची खूण गालाच्या आतील पांढऱ्या चट्ट्यांतही, म्हणजे कर्करोग प्रत्यक्ष जडण्यापूर्वी, आढळली आहे. सर्वच चट्टे कर्करोगात परिणत होत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

घशातील व गर्भाशयमुखाच्या अनेक कर्करोगांत मात्र चित्र नेमके उलटे दिसते. तेथे पी-१६ ची रेलचेल असते. या अर्बुदांचे कारण तंबाखू नसून मानवी पॅपिलोमा विषाणू हे असते. विषाणूचे ई-७ प्रथिन आरबीलाच निकामी करते. पेशी त्यावर प्रतिक्रिया म्हणून पी-१६ वाढवत राहते. पण पुढचे दार मोडलेले असताना उंबरठ्यावरचा पहारेकरी काय करणार? म्हणूनच पी-१६ ची विपुलता ही विकृतिशास्त्रज्ञांना विषाणूजन्य रोग ओळखण्याची सोयीची खूण ठरली आहे. एकाच प्रथिनाचा अभाव एका रोगाचे कारण आणि आधिक्य दुसऱ्याचे लक्षण आहे. अहवालातील ‘पी-१६ सकारात्मक’ या शब्दांचा अर्थ अर्बुद कोठले आहे हे पाहूनच लावावा लागतो.

कर्करोगापलीकडेही या प्रथिनांचा संबंध पोहोचतो. पी-५७ या निरोधकाचे कार्य लोपल्यास बालकाची वाजवीपेक्षा अधिक वाढ होणारा बेकविथ-वीडेमन विकार संभवतो. उलट त्याच जनुकातील काही उत्परिवर्तनांनी प्रथिन वाजवीपेक्षा टिकून राहते आणि वाढ खुंटते. वाढत्या वयाबरोबर ऊतींत पी-१६ साठत जाते व पेशी विभाजन कायमचे थांबवतात. अशा पेशी उंदरांच्या शरीरातून काढून टाकल्यास वार्धक्याची काही लक्षणे लांबतात, असे २०११ मध्ये दिसून आले. पी-१६ च्या जनुकाशेजारील प्रदेशाचे काही भेद हृद्‌रोहिणीविकार व मधुमेह यांच्याशी निगडित असल्याचेही २००७ पासून ज्ञात आहे. त्यामागील कार्यकारणभाव मात्र अद्याप पुरता उलगडलेला नाही.

हरवलेली वेसण बाहेरून पुरवता येईल काय? २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पाल्बोसिक्लिब हे औषध पी-१६ प्रमाणेच सीडीके-४ व ६ यांना रोखते. स्तनकर्करोगाच्या एका मोठ्या प्रकारात ते प्रस्थापित झाले आहे. त्यासाठी आरबी शाबूत असावे लागते. म्हणून विषाणूजन्य अर्बुदात त्याची आशा थोडी आणि तंबाखूजन्य अर्बुदात, जेथे पी-१६ गेलेले पण आरबी बहुधा टिकलेले असते, अधिक असावी, हा तर्क सयुक्तिक होता. मात्र डोके व मानेच्या विषाणूविरहित कर्करोगांवरील एका तुलनात्मक चाचणीत सेटुक्सिमॅबच्या जोडीला पाल्बोसिक्लिब देऊनही रुग्णांच्या एकूण आयुर्मर्यादेत निर्णायक वाढ झाली नाही. पी-१६ चे जनुक बिघडलेल्या रुग्णांच्या उपगटात तेवढा लाभाचा संकेत दिसला. तोवर तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण मुंबईचा असो वा म्हैसूरचा, त्याच्या उपचारांचा मुख्य भार शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांवरच आहे.