चाळीस कोटी वाळलेल्या वनस्पती

जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत. त्यांत वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे जवळपास 40 कोटी नमुने जपलेले आहेत. एकट्या पॅरिसमध्ये सुमारे 80 लाख, आपल्याकडे हावड्याला सुमारे 20 लाख. प्रत्येकावर सेकंदभरच नजर टाकायची आणि रात्रंदिवस डोळा लागू द्यायचा नाही, असं ठरवलं तरी साडेबारा वर्षं पुरणार नाहीत.

एक कागद साधारण 42 सेंटिमीटर लांब, 28 रुंद. एकापुढे एक मांडत गेलं तर 1,68,000 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला चार वेढे. पण तेच कागद जमिनीवर अंथरले तर? जेमतेम 47 चौरस किलोमीटर. आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटरचं. तशी दोन झाकली की कागद संपत येतात. धाराशिव जिल्हा आहे साडेसात हजार चौरस किलोमीटरचा. सोळाव्या शतकात इटलीत वनस्पतिशास्त्रज्ञ लुका गिनीच्या काळी वनस्पती वाळवून जपायची ही पद्धत रुजली. तेव्हापासून माणसानं जमवलेलं सगळं आमच्या एका तालुक्यालाही पुरायचं नाही! मला हा आकडा त्या चार वेढ्यांपेक्षा जास्त हलवतो.

आता यातला एकच कागद घ्या. कोकणच्या पुळणीवरची मर्यादवेल. पान टोकाला दुभंगलेलं, थेट आमच्या उस्मानाबादी शेळीच्या खुरासारखं. वेल रसरशीत, तोडली की चीक येतो. त्यामुळे दाबून ठेवल्यावर कागद पुन्हापुन्हा बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. एवढं करूनही फुलाचा गुलाबी-जांभळा रंग टिकत नाही. म्हणून रंग, वाळू, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं खालच्या कोपऱ्यातल्या लेबलवर लिहायचं. लेबल नसेल तर उरतं नुसतं वाळकं पान.

असे नमुने पुळणीवरूनच नाही, वाळवंटातूनही गोळा झाले. तिथल्या वनस्पतींसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर आणि हॉलबर्ग 1917 मध्ये जोधपूर-जैसलमेरकडे फिरले. ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आहे.

आमच्या भागाला ना समुद्र, ना वाळवंट. तरी इथल्या वनस्पतींवर डॉ. व्ही. एन. नाईक यांनी ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ लिहिलं, 1979 साली. तेव्हा उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा व्हायचा होता. तो झाला 1982 मध्ये. त्यामुळे त्या काळच्या लेबलवर ‘उस्मानाबाद’ दिसलं की निलंगा, औसा, उदगीरही धरावं लागतं. त्यात 2023 पासून जिल्ह्याचं नाव धाराशिव. नव्या नावानं शोधणाऱ्याच्या हाती जुना कागद सहजी लागायचा नाही. म्हणून नमुना गोळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं लेबलवर नुसता जिल्हा लिहून थांबू नये. गाव लिहावं, शिवार लिहावं, आणि हल्ली मोबाइल हातात असतोच, तर अक्षांश-रेखांशही.