ॲप गेलं, फोन वाचला!

परीक्षेचा फॉर्म जवळपास भरून झाला होता. फोटो तेवढा बाकी. कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आले तर ब्राउझर नव्याने लोड होतोय आणि फॉर्म कोराकरकरीत! तुमच्याही बाबतीत झालंय ना असं? मी फोनला शिव्या घातल्या. कम्प्युटर इंजिनीअरिंगवाली रूममेट मात्र हसली. ‘अगं, फोन चालू राहावा म्हणून ब्राउझरचा बळी गेला,’ म्हणाली. मग मेसमध्ये जेवताना तिने सगळं समजावलं.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कुणाला किती द्यायची, हे तोच ठरवतो. साधा प्रोग्रॅम ‘मॅलॉक’ वापरून मेमरी मागतो. कर्नल बहुतेक वेळा ‘घे’ म्हणतो, पण देतो नुसता शब्द. खरी रॅम मिळते ती प्रोग्रॅम त्या जागेत पहिल्यांदा काही लिहितो तेव्हा.

आमच्या मेसचंच बघा. काकूंकडे कार्डं भरपूर जणांची, पण पोळ्या लाटल्या जातात कुणी जेवायला बसल्यावर. सगळे एकदम येत नाहीत, म्हणून जमतं. लिनक्सही असाच, असलेल्या रॅमपेक्षा जास्त शब्द देऊन बसतो.

काकूंचं स्वतःचं मात्र शब्दावर भागत नाही. पीठ डब्यात हवंच. कर्नल स्वतःसाठी ‘केमॅलॉक’ वापरतो, तेव्हा त्याला खरी, सलग रॅम लगेच लागते. ती स्वॅपमध्ये ढकलता येत नाही. हार्डवेअरचा इंटरप्ट हाताळताना तर वाट बघायचीही सोय नाही. मिळाली तर आत्ता, नाहीतर नाहीच. स्टॅकसाठी प्रोग्रॅमला लिनक्सवर सहसा 8 एमबीपर्यंत मुभा असते. कर्नलला 64 बिट पीसीवर फक्त 16 केबी! प्रोग्रॅम मेमरी परत करायला विसरला, तरी तो बंद होताच कर्नल सगळी काढून घेतो. कर्नलच विसरला तर? बहुतेकदा रीस्टार्ट हाच इलाज.

म्हणूनच सगळे एकदम जेवायला आले, की कुणाला तरी उठवावं लागतं. लिनक्समध्ये हे काम ‘ओओएम किलर’ करतो. अँड्रॉइडमध्ये तशी वेळ येण्याआधीच दुसरा एक पहारेकरी मागे पडलेली ॲप्स बंद करायला लागतो. माझा कॅमेरा समोर होता, ब्राउझर मागे. गेला!

फॉर्म मी पुन्हा भरला. या वेळी फोटो आधीच काढून ठेवला.